विमानांचं गाऱ्हाणं

आपल्या देशानं परदेशातून लढाऊ विमानं विकत घेतली, तेव्हा ती कशी निघाली याची चौकशी दिल्लीत कोणी केली असेल-नसेल, आमच्या वाडीत मात्र ती कसून झाली. आमची वाडी मालवणपासून थोडी दक्षिणेला, समुद्राला अगदी खेटून. इथल्या पुरुषांना स्वतःच्या रक्तदाबाची गोळी कोणती ते बायकोला विचारावं लागतं, पण परदेशी यंत्रातलं सगळं कळतं. नाक्यावरच्या हॉटेलात भजीच्या बशीवर त्या विमानांचं इंजिन उघडून बघण्यात आलं, पंख तपासले गेले आणि खरेदी योग्य ठरली. सरकारचा जीव नक्कीच भांड्यात पडला असेल.

या खरेदीचे सर्वांत मोठे कैवारी माझे बाबा. त्यांचा परदेशी यंत्राशी संबंध आमच्या होडीच्या इंजिनापुरता. ते इंजिन जपानी. "इंजान जपानचा, पण बंद पडता हंयसर," असं ते स्वतःच म्हणत, आणि पार्ट येईपर्यंत महिनाभर वल्ही मारत. विमानांचं तसं काही होणार नाही याची मात्र त्यांना खात्री होती.

"सरकार काय आमच्यासारखा येडा आसा?" ते म्हणाले.

"नाय ओ," आई मासे साफ करता करता म्हणाली, "सरकार शाना आसा. ता वल्ही मारूक आमकाच बसयतला."

बाबा आमच्या वाडीतल्या रापणीचे पुढारी होते. रापण म्हणजे भलं मोठं जाळं. होडीनं ते समुद्रात अर्धगोल सोडत जायचं आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या. दोरीला जो हात लावेल त्याला वाटा, मग तो आपल्या वाडीचा असो की वाटेनं जाणारा असो. मी लहानपणी शाळेला दांडी मारून दोरीला लोंबकळायची आणि फ्रॉकच्या ओच्यात बांगडे घेऊन घरी यायची. पुढे मी त्याच शाळेत शिकवायला लागले आणि दांडी मारणाऱ्यांना ओरडायला लागले, ते वेगळं.

पण मागचे काही हंगाम रापण रिकामी येत होती. बाहेर खोल समुद्रात झगझगीत दिवे लावून मोठे ट्रॉलर मासळी उपसून नेत, आमच्या किनाऱ्याला उरत ते शेवाळ आणि प्लास्टिकच्या बाटल्या. तरुण पोरं एकेक करून गोव्याच्या हॉटेलांत कामाला निघाली होती. त्या वर्षी सगळ्यांनी बसून ठरवलं, की यंदाचा बांगड्याचा हंगाम बघायचा. तोही फुकट गेला तर रापण मोडायची. बाबा त्या बैठकीतून घरी आले आणि जेवलेच नाहीत. नंतर रोज पहाटे उठून ते समुद्राचा रंग बघायला जाऊन उभे राहू लागले.

बाबांकडे आणखी एक मान होता. देवळात गाऱ्हाणं घालायचा. लग्न असो, जत्रा असो, कोणाची नवी रिक्षा असो, देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागायचं काम त्यांचं. आवाज असा, की देवाला ऐकू आलं नाही म्हणायची सोय नसे. ते एकेक मागणं मागत, शेवटी "रे म्हाराजा" म्हणून सूर लांबवत, आणि सगळी माणसं एका दमात म्हणत, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं कशाचंही असलं तरी शेवटचं मागणं ठरलेलं. "रापणीची दोरी धरतल्या माणसाक रिकाम्या हातान घरी धाडू नको, रे म्हाराजा!" रिक्षाच्या गाऱ्हाण्यातसुद्धा ते येई.

तर असं सगळं असताना बातमी आली, की ती नवी विमानं आमच्या किनाऱ्यावर येणार. उतरायला नव्हे, नुसती वरून जायला. मोठा समारंभ, मोठी माणसं, मांडव. तयारीसाठी एक साहेब आले. ते नक्की कुठल्या खात्याचे हे मला अजून कळलेलं नाही, पण गाडीवर दिवा होता, तेवढं आम्हांला पुरतं. त्यांनी देवळाच्या सभामंडपात ग्रामस्थांची बैठक बोलावली आणि विमानांमुळे आता आपला समुद्र कसा सुरक्षित झाला ते समजावून सांगितलं. शत्रूची बोट शंभर कोसांवरून दिसते म्हणाले.

मागून कोणीतरी विचारलं, "ट्रॉलर दिसतत काय तेंका?"

"तो विषय वेगळ्या खात्याचा आहे," साहेब म्हणाले.

मग साहेबांनी स्वतःहून सुचवलं, की विमानांसाठी एक गाऱ्हाणं व्हावं. बाबा तर टोपी घालून तयारच होते. त्या दिवशी ते असे रंगले, की मूळ कारखान्यानं केली नसेल एवढी काळजी त्यांनी त्या विमानांची केली. "बा देवा म्हाराजा, परदेशातसून जी काय ही विमाना हाडलेली आसत, तेंका वाऱ्यापावसात सांभाळ, तेंच्या इंजनात काय वाकडा-नाकडा आसात तर ता दूर कर, रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "तेंचे पार्ट येळेवर येवंदेत, रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" शेवटी रापणीचं मागणंही मागून झालं.

साहेब भारावले. त्यांनी लगेच माईक हातात घेतला आणि बाबांच्याच चालीवर, तसाच सूर लांबवत म्हणाले, "तर समारंभ होईपर्यंत आपण हा किनारा बंद ठेवावा, होड्या वर ओढून घ्याव्यात, कोणीही जाळं पाण्यात टाकू नये..." आणि श्वास घ्यायला थांबले.

देवळात, गाऱ्हाणं घालून झाल्या झाल्या, कोणी असं थांबलं तर आमच्याकडे डोकं नंतर चालतं आणि तोंड आधी.

"व्हय म्हाराजा!"

सगळा सभामंडप दणाणला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं एकमुखी सहकार्य आपल्या नोकरीत कधी पाहिलं नाही म्हणाले आणि चहासुद्धा न घेता निघून गेले.  कोणीतरी म्हणालं, सायबाक जावन सांगया, चुकान झाला. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. देवासमोर व्हय म्हटलं ते म्हटलं.

"तुमचा तोंड देवळात तरी बंद ठेवचा होता," आई घरी आल्यावर म्हणाली.

"देशाचा काम आसा गो."

"आणि रापण खंयच्या देशाची?"

बाबा अंगणात जाऊन बसले.

समारंभाच्या दिवशी सकाळी बांगडा आला. आमच्याच वाडीसमोर. थव्यानं पाणी काळपट झालं होतं, वर पक्षी घिरट्या घालत होते, आणि इतक्या जवळ, की होडी न घालताही दोरी टाकावीशी वाटावी. जिथे आमचं जाळं वाळत पडायचं तिथे आता मांडव होता आणि पाहुण्यांसाठी पांढऱ्या कापडाच्या खुर्च्या. रापणीची सगळी माणसं बंदोबस्तासाठी बांधलेल्या दोरखंडाच्या पलीकडे येऊन उभी राहिली. गोव्याला गेलेले दोघं तर विमानं बघायला म्हणून सुट्टी घेऊन आले होते, तेही समुद्राकडेच बघत होते. बाबांनी नुसती मान हलवली असती तरी होडी पाण्यात गेली असती. बाबांनी मान हलवली नाही.

बंदोबस्ताला घाटावरचा एक हवालदार होता. त्यानं विचारलं, "काका, सगळे तिकडं काय बघताय? विमानं इकडून येणार."

"बांगडे इले," बाबा म्हणाले.

"मग धरा की," तो म्हणाला, आणि आपल्याला इथे कशासाठी उभं केलंय ते आठवून त्यानं टोपी सरळ केली.

विमानं आली. आली म्हणजे गेली. आम्ही माना वर करेपर्यंत ती पार दक्षिणेला निवतीकडे पोचली होती, आणि मग मागाहून आवाज आला. छातीत धडधडलं, पोरं रडायला लागली, झावळ्या हलल्या. सुंदर होती, खोटं का बोला. बाबांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, आणि त्याचाच मला त्या क्षणी भयंकर राग आला. टाळ्या वाजवून ते समुद्राकडे वळले तेव्हा पाणी नेहमीसारखं निळं होतं. बांगडे विमानांना भ्याले असं मी म्हणणार नाही, उगाच देशाची बदनामी नको. त्यांना बहुधा दुसरीकडे काम असेल.

साहेबांनी बाबांना शाल आणि नारळ दिला. नारळ आमच्याच वाडीतल्या माडाचा होता. संध्याकाळी लांब समुद्रात ट्रॉलरांचे दिवे लागले. त्यांना कोणी बैठकीला बोलावलं नव्हतं, त्यामुळे ते कशालाच व्हय म्हणालेले नव्हते. समुद्राचं रक्षण करणारी विमानं तोवर आपल्या घरी पोचली होती.

त्या हंगामात बांगडा पुन्हा आला नाही. ठरल्याप्रमाणे रापण मोडली, आणि मोडतानाही रीत पाळली. दोरीला ज्यानं ज्यानं हात लावला होता, त्याला त्याला जाळ्याचा एक तुकडा कापून दिला. आमच्या वाट्याचा तुकडा आईनं लाल माठाच्या वाफ्यावर घातला आहे. कोंबड्या आत शिरत नाहीत.

नंतर देवळाची जत्रा आली. बाबा नेहमीसारखे टोपी घालून उभे राहिले. लेकीबाळींसाठी मागितलं, मुंबईकर चाकरमान्यांसाठी मागितलं. त्या विमानांसाठीही मागितलं, तेंका काय कमी पडा नये म्हणून. लोक व्हय म्हाराजा म्हणत गेले. मग शेवटच्या मागण्याची जागा आली. बाबांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मागायला आता रापणच नव्हती. ते हात जोडून तसेच उभे राहिले, आणि त्यांचा सूर जिथे संपायचा तिथे, कोणी काहीच मागितलेलं नसताना, सगळं देऊळ म्हणालं, "व्हय म्हाराजा!"