घरातला परका

नारपोलीच्या अंगणवाडीत पोरांच्या कलकलाटावरही संघरत्नाचा आवाज चढायचा. पंधरा वर्षांच्या नोकरीत तिला घाबरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गेल्या ऑक्टोबरात तिला डेंग्यू झाला. सहाव्या दिवशी ताप उतरला, म्हणून तिच्या नवऱ्याने, सुगतने, मुगाची खिचडी टाकली.

ताट घेऊन तो समोर आला आणि ती अंथरुणातच मागे सरकली. चेहरा सुगतचा, शर्टही त्याचाच. पण हा सुगत नव्हता.

"कोण तुम्ही? आमचे हे कुठंयत?"

"अगं, असं काय करतेस?" तो हसला. हसणंही हुबेहूब उचललं होतं! ती धडपडत स्वयंपाकघरात पळाली आणि आतून कडी लावली. या माणसाने सुगतचं काय केलं असेल? आता शाळेतून लेक, रुचिका, येईल, तिला कसं अडवायचं? तिने सुगतला फोन लावला.

"हॅलो, रत्ना?"

हा मात्र सुगतच. तिला रडू फुटलं. "अहो, घरात कुणीतरी शिरलाय. तुमच्यासारखा दिसतो. लवकर या!"

तो फोन दाराबाहेरच वाजला होता, आणि सुगत जिन्यात जाऊन बोलत होता, हे तिला पुष्कळ दिवसांनी कळलं.

"घाबरू नकोस. शेजारच्या कलावतीताई येतील, त्यांच्याबरोबर रिक्षात बस. मी दवाखान्यात भेटतो. फोन ठेवू नकोस."

रिक्षात कलावतीताई पुटपुटल्या, "बाहेरचं लागलंय हिला. आधी भगताला दाखवू."

"नाही ताई," स्पीकरवरून सुगत म्हणाला, "आधी डॉक्टर."

ठाण्याच्या हॉस्पिटलात तिच्या पाठीतलं पाणी काढून तपासलं. तापाच्या विषाणूने मेंदूला सूज आणली होती; त्यामुळे समोर दिसणारा नवरा तिला परका वाटे, फोनवरचा नुसता आवाज मात्र ओळखू येई. औषधं सुरू झाली. दोन आठवडे तो परका खाटेशेजारी बसून राही, आणि ती भिंतीकडे तोंड करून अंग चोरून पडे.

मग एका सकाळी तो बशीतला चहा फुंकत होता, आणि तो सुगत होता.

"किती वाळलात हो," ती म्हणाली. तो तोंड फिरवून रडला.

घरी सोडताना तिने विचारलं, "डॉक्टर, पुन्हा होईल?"

"बहुतेक नाही."

त्या 'बहुतेक'ची धास्ती अजून गेलेली नाही. अंगणवाडी सुरू आहे, पण स्वतःला साधी कणकण आली तरी ती रुचिकाला समोर बसवते आणि तिचा चेहरा न्याहाळत राहते.

"आई, काय बघतेस?"

"काही नाही गं. इकडे ये, वेणी घालते."