आनिबालच्या शेतातलं वारूळ

बारिचारा गावात कुलोना कोणत्या दिवशी उडणार, ते देल्फिनाला आधी कळायचं. कुलोना म्हणजे पानं कापणाऱ्या मुंग्यांच्या राण्या. मातीच्या तव्यावर मीठ लावून भाजल्या की सगळं गाव बोटं चाटतं. मोठा पाऊस आणि मग कडक ऊन, एवढं गावातलं शेंबडं पोरही जाणतं. देल्फिना मात्र एप्रिल लागला की वारुळापाशी पालथी पडायची आणि कामकरी मुंग्या कुठलं तोंड रुंद करताहेत ते न्याहाळायची. सत्तरी उलटली तरी बाईच्या चौकशा संपल्या नव्हत्या.

यंदा गाठ दिराशी होती. वारूळ आनिबालच्या शेतात, आणि मुंग्यांनी त्याच्या युका कंदाचे दोन वाफे बोडके केलेले. तो विषाचा डबा घेऊनच आला.

“वहिनी, पुरे झाले लाड. आज ओततो.”

“गुरुवारपर्यंत थांबा, भावोजी. दुपारपर्यंत राण्या निघाल्या नाहीत, तर डबा मीच ओतीन.”

“आणि निघाल्या तर?”

“तर तो परत घरी न्यायचा.”

वहिनीची जिरवायची संधी कोण सोडतो? आनिबाल कबूल झाला.

गुरुवारी आभाळ भरलेलं. देल्फिनाचा जीव टांगणीला लागला. बारा वर्षं ती या वारुळापाशी येत होती. ते मेलं असतं तर तिला घरातलं माणूस गेल्यासारखं झालं असतं. अकराच्या सुमाराला ऊन पडलं. आधी बारके नर निघाले, मग टपोऱ्या बुडाच्या राण्या, एकीवर एक. डबा बाजूला टाकून आनिबालही टोपी भरू लागला, तोच शिपाई मुंगीने त्याचं बोट फोडलं.

“आई गं!”

“चावू दे. युकापेक्षा गोड लागत असेल.”

दुपारी तो न उघडलेला डबा बगलेत मारून निघाला. बांधाशी युकाच्या रोपाखाली एक राणी उतरली होती. तिने पंख गाळले आणि ती माती उकरू लागली. आनिबालने बूट उचलला.

“हिचंही वारूळ होणार?”

“शंभरात एखादीचं होतं.”

“हिचं?”

“मला काय ठाऊक? बघावं लागेल.”

आनिबालने बूट मागे घेतला, टोपी खाली ठेवली आणि उकिडवा बसला.

“वहिनी, पुरती आत जायला हिला किती वेळ लागतो हो?”