अकरा दिवसांचं पाणी

माझी ताई नाकावर माशी बसू देत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. बंदराच्या जुन्या धक्क्यावर ती एकतीस वर्षं समुद्राच्या पाण्याची उंची मोजते आहे. धक्क्याच्या भिंतीला आकडे रंगवलेली एक लांब पट्टी ठोकलेली आहे. बावीस पायऱ्या उतरल्या की ती नीट दिसते. दिवसातून तीनदा ताई खाली उतरते, दहा लाटा मोजते, पाणी वर कुठवर चढलं आणि खाली कुठवर गेलं ते बघते, मधला आकडा काढते आणि वहीत लिहिते. तेही पेन्सिलीने, कारण तुषार उडाले की शाई पसरते. कुणी गमतीत विचारलं, की बाई, रोज तेच पाणी, त्यात मोजायचं काय, तर ती त्याच्याकडे अशी बघते की तो माणूस पुढच्या वेळी लांबच्या रस्त्याने जातो.

मी तिची धाकटी बहीण, शिवणकाम करते. आम्ही दोघीच राहतो, धक्क्यापासून शंभर पावलांवर, खालच्या गल्लीत. ही गल्ली भराव टाकून केलेली, म्हणजे समुद्र वर येतोय आणि आमची जमीन खाली बसतेय, दोन्ही एकदम. ताईच्या वह्यांप्रमाणे एकतीस वर्षांत पाणी चौदा सेंटीमीटर चढलं. ऐकायला किरकोळ वाटतं. मोठ्या भरतीच्या दिवशी आमच्या उंबऱ्यावर उभं राहून बघा आणि मग किरकोळ म्हणा.

गेल्या वर्षी देशाचं नवं सागरी धोरण ठरायला लागलं. कुठल्या किनाऱ्याला किती उंच भिंत बांधायची, हे त्यात ठरणार होतं. ज्या बंदराच्या नोंदी भरवशाच्या, तिथे त्याच नोंदींवरून हिशोब. ज्यांच्या नाहीत, त्यांना शेजारच्या बंदराचे आकडे लावायचे. आमचं शेजारचं बंदर पक्क्या खडकावर आहे, तिथे पाणी आमच्या निम्मंच चढलंय. त्यांच्या मापाची भिंत आम्हाला मिळाली असती, तर ती दुसऱ्याच्या मापाच्या सदऱ्यासारखी आखूड पडली असती. पण आम्ही निवांत होतो. ताईच्या वह्या असताना काळजी कशाची?

आणि मग समुद्र विज्ञान केंद्राचं पत्र आलं, की वह्या तपासायला माणूस येतोय. आमच्या बंदराच्या नोंदी भरवशाच्या यादीतून वगळण्याचा विचार आहे, कारणं दोन. एक, एकोणीस वर्षांपूर्वी एका दिवसात पाण्याची सरासरी उंची सहा सेंटीमीटरनी वाढून कायमची तिथेच राहिलेली दिसते, आणि असं होऊ शकत नाही. दोन, चौदा वर्षांपूर्वीच्या एका महिन्यातले अकरा दिवसांचे आकडे मनाने लिहिलेले वाटतात. जो निरीक्षक अकरा दिवस मनाने लिहितो, त्याच्या बाकीच्या नोंदींवर विश्वास कसा ठेवायचा?

ताईने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, येऊ देत त्यांना. ते अकरा दिवस मी लिहिले होते.

तेव्हा ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. ती दवाखान्यात, वही माझ्या हातात. पहिल्या दिवशी मी गेले, शेवाळावरून पाय घसरला, गुडघा फुटला. घरी शाळेच्या गणवेशांचा ढीग, दवाखान्यात डबा न्यायचा. दुसऱ्या दिवशी मी मशीनवर बसल्या बसल्या मागच्या पंधरवड्याचे आकडे बघितले आणि थोडं इकडे, थोडं तिकडे करून लिहून टाकले. पहिल्या दिवसाचाही आकडा खोडून त्यांच्याशी जुळवून घेतला. मापांत माझा हात बसलेला आहे. आकडे कसे, दोरीत ओवल्यासारखे झाले. ताई घरी आली, तिने वही चाळली, काही बोलली नाही. मला वाटलं, सुटले. चौदा वर्षं मला तसंच वाटत होतं.

पत्रानंतरचे दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. एका सुरवारीला दोन्ही डावे पाय शिवले. ताईला सांगायला तीनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तीनदा चहाचं विचारून परत आले. मला भीती तिच्या रागावण्याची नव्हती. तिचं अख्खं आयुष्य माझ्या आळसामुळे कचऱ्यात जाणार होतं आणि गल्लीची भिंत त्याच्याबरोबर.

अकराव्या दिवशी समुद्र विज्ञान केंद्राच्या डॉक्टरीणबाई आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, काखेत लॅपटॉप. डॉक्टर म्हटल्यावर गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांनी त्यांना गुडघ्याचं औषध विचारून घेतलं. मी पाण्याची डॉक्टर आहे, असं त्यांनी सांगितलं, तर एकीने पोटात पाणी होतं त्याचं विचारलं.

ताईने आधी त्यांना धक्क्यावर नेलं. मीही मागोमाग गेले. उंचीची कायमची खूण म्हणून भिंतीच्या दगडात बसवलेला एक पितळी खिळा तिने दाखवला. एकोणीस वर्षांपूर्वी एक मालवाहू होडी जुन्या पट्टीवर आदळली, सुताराने नवी पट्टी ठोकली आणि ती सहा सेंटीमीटर खाली बसवली. ताईने आठवड्याभरात खिळ्यापासून मोजून ते पकडलं, वरच्या कार्यालयाला कळवलं, उत्तर आलं नाही. मग तिने काय करावं? पट्टी जे दाखवते तेच पुढच्या पानांवर लिहायचं, कारण डोळ्यांना दिसलेला आकडा बदलायचा नाही हा तिचा नियम. आणि फरक दर महिन्याला खिळ्यापासून मोजून वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचा. केंद्राने कॉम्प्युटरवर चढवली होती फक्त पुढची पानं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः टेप लावून खिळ्यापासून मोजलं. फरक सहाच भरला.

बंदराच्या छोट्या खोलीत परत आलो. टेबलावर एकतीस वह्या रचलेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिलं कारण मिटलं. पण दुसरं तसंच आहे. त्यांनी लॅपटॉप फिरवला. ताईच्या आकड्यांची रेघ वेडीवाकडी, आणि मध्येच अकरा दिवस गुळगुळीत, इस्त्री केल्यासारखे. आता गप्प बसले असते तर मला पुन्हा ताईसमोर ताटावर बसवलं नसतं.

"ते मी लिहिले," मी म्हणाले. "ताई दवाखान्यात होती. मी घरी बसून मनाने लिहिले. तिचा त्यात काही दोष नाही."

डॉक्टरीणबाईंनी ताईकडे बघितलं. ताई माझ्याकडे बघत नव्हती. तिने ढिगातून एक वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि पुढे सरकवलं. डॉक्टरीणबाईंनी ते मोठ्याने वाचलं.

"या अकरा दिवसांचे आकडे बहिणीने लिहिले. चौथ्या दिवशी पाणी वरून तिसऱ्या पायरीपर्यंत आल्याचं होडीवाले सांगतात, वहीत तसं नाही. आकडे फार नीटनेटके आहेत. वापरू नयेत. कार्यालयाला कळवलं, उत्तर नाही. बहिणीला काही बोलू नये, ती तेव्हा एकटी होती."

खाली तारीख, चौदा वर्षांपूर्वीची. पेन्सिल फिकी झाली होती.

मला रडू आलं आणि मी रडले, लाजले वगैरे नाही. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला आणि सगळ्या वह्यांच्या शेवटच्या पानांचे फोटो काढायला बसल्या. त्याला अख्खी दुपार लागली. निघताना त्या ताईला म्हणाल्या, की अकरा दिवस कोरे सोडून बाकी सगळं यादीत जाईल, आणि शेवटची पानं आधी मागवायला हवी होती, ही आमची चूक. दोन महिन्यांनी यादी आली, त्यात आमचं बंदर होतं. भिंत आमच्याच मापाची होणार आहे.

डॉक्टरीणबाई आल्या त्या संध्याकाळी घरी येताना मी विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? ताई म्हणाली, शेवटच्या पानावर लिहिलं होतं ना. म्हणजे विषय संपला. मला तिचा रागही आला आणि तिला मिठीही मारावीशी वाटली. ती मिठी मारू देत नाही, म्हणून मी तिची पिशवी घेतली.

पुढच्या सोमवारी ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मोतीबिंदू. आठ दिवस पायऱ्या उतरायच्या नाहीत. काल तिने मला खाली नेलं, दहा लाटा मोजायला लावल्या, वही माझ्या हातात दिली आणि निरीक्षकाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, धाकटी बहीण. मी विचारलं, तुला भीती नाही वाटत?

"शेवटचं पान आहे की," ती म्हणाली.

मी पुन्हा दहा लाटा मोजल्या. दोन मीटर सतरा. आदल्या दिवशी याच वेळी दोन मीटर चार होतं, त्याच्याशी जरासुद्धा जुळत नव्हतं. मी तसंच लिहिलं.