वीरगळ उचलणारे सर

कुठलीही मूर्ती समोर आली की आमचे चित्रकलेचे सर आधी तिच्या मागे जायचे. देवळात सगळे हात जोडून उभे आणि हा माणूस मान वाकडी करून देवाची पाठ बघतोय, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रागच आला होता.

"पुढनं समद्यांसाठी केलेलं असतं, बाई," ते म्हणाले. "कारागिरानं अंग कुठं चोरलंय ते मागनं कळतं."

मी वारूळवाडीहून शाळेत यायचे आणि इतिहास शिकवायचे. सर अकरावी-बारावीला चित्रकला आणि शिल्पकलेचा इतिहास शिकवत. विषय सोपा म्हणून मुली घेत आणि महिन्याभरात पस्तावत. पुस्तकात गांधार, मथुरा, वेरूळ. सर पुस्तक मिटायला लावत. "छापलंय म्हणून खरं? कशावरून?" हा प्रश्न वर्गात मावायचा नाही, शिक्षकखोलीतही यायचा. आज चहा बरा झालाय म्हटलं तरी, "कशावरून?" तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याच्याशी बोलताना आपण आपलीच वाक्यं चाचपायला लागतो.

एका मुलीनं चाचणी परीक्षेत लिहिलं, "या मूर्तीचा काळ मी सांगू शकत नाही, कारण मी ती जवळून पाहिलेली नाही." सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. मुख्याध्यापकांनी तो पेपर माझ्यापुढे धरला. "मॅडम, हे काय चाललंय?" मला तरी कुठे ठाऊक होतं!

शाळेच्या एका पदाधिकाऱ्यांनी पितळेची देवी आणली होती. फार जुनी आहे, शाळेच्या दर्शनी भागात ठेवू, असं म्हणत होते. सरांनी ती उचलली, नाकाशी नेली. "ताकात बुडवून आन् शेणात पुरून काळी केलीय. दोन-तीन वर्षांची आसंल." साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आम्ही हसू दाबलं. पण त्या दिवसापासून शाळेत सरांविषयी कुणी बरं बोलेनासं झालं, हेही आम्ही पाहिलं.

मीही बोलेनाशी झाले. प्रत्येकावर संशय घेणाऱ्या माणसाचा आपल्यालाही संशय येऊ लागतो. सर रविवारी आणे गावाकडच्या पठारावर हिंडत, कधी वर्गातल्या एक-दोन मुलींना घेऊन. खांद्याला लांब पिशवी, हातात टेप. पडक्या देवळांतून, माळावरून, बांधावरून. सोमवारी त्या पिशवीतलं काहीतरी चित्रकलेच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात जाई. त्या कपाटाला दोन कुलपं होती. चित्रकलेच्या कपाटाला दोन कुलपं कशाला?

एका सोमवारी मी त्या खोलीवरून जात होते. आत सर फोनवर बोलत होते.

"आख्खा उचलला राव! कुठं तुटला न्हाई, फुटला न्हाई. लई भारी निघालाय. तुमी या एकदा बघायला."

मी पुढे गेले. कुणाला काही बोलले नाही, पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

पंधरा दिवसांनी पठारावरच्या एका गावचे चार लोक शाळेत आले. त्यांच्या देवळाचं काम नुकतंच पूर्ण झालं होतं. तिथं आवारात पडून असलेला वीरगळ नाहीसा झाला होता. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड. आपल्याकडे असे कितीतरी आहेत, कुणी त्यांच्यावर कपडे वाळत घालतं. या दगडाकडेही वर्षानुवर्षं कुणी बघितलं नव्हतं. तो गेल्यावर मात्र सगळ्या गावाला त्याची आठवण आली.

"तुमचे एक सर लई घिरट्या घालत व्हते," त्यांतला म्हातारा म्हणाला.

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला काही विचारलंही नव्हतं. मी आपण होऊन सांगितलं. फोनवरचं वाक्य सांगितलं, दोन कुलपांचं सांगितलं.

सरांना बोलावलं. ते आले, सगळ्यांकडे एकेकदा बघितलं आणि खिशातून किल्ल्या काढल्या.

कपाटात कागदाच्या सुरळ्या होत्या. खालपासून वरपर्यंत नुसत्या सुरळ्या. दगडावर पातळ कागद ताणून बसवायचा, त्यावर काळ्या मेणाचा खडू आडवा फिरवायचा, की कोरीवकाम जसंच्या तसं कागदावर उमटतं. प्रत्येक सुरळीवर गावाचं नाव होतं, आणि ज्या मुलीनं कागद धरला तिचं.

"ह्याला ठसा उचलणं म्हणतो आमी," सर म्हणाले. "कुलपं उंदरांसाठी न्हाईत. गेल्या वर्षी कुणीतरी दोन सुरळ्या होळीत घातल्या."

त्यांनी त्या गावची सुरळी काढून टेबलावर पसरली. चार लोक वाकले. खाली आडवा पडलेला वीर, शेजारी गाई. मधल्या चौकटीत ढाल-तलवार. वर त्याला हाताला धरून स्वर्गात नेणाऱ्या बायका. सगळ्यात वर पिंडीची पूजा आणि दोन्ही बाजूंना चंद्र-सूर्य. म्हाताऱ्यानं एका गाईवर बोट ठेवलं. "ही आमच्या दगडावर हाय?"

"व्हती," सर म्हणाले. "आता चला, दगड कुठाय ते बघू."

आम्ही सगळे गेलो. मला जायचं नव्हतं, पण न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. नव्या देवळाच्या पायऱ्यांपाशी सरांनी टेप काढला. सगळ्या पायऱ्या सारख्या, मधलीच एक वीतभर आखूड. त्यांनी ठसा पालथा करून तिच्यावर धरला. लांबी तीच, रुंदी तीच, उजव्या कोपऱ्याचा टवकाही तिथंच. काम करणाऱ्यांनी तयार दगड बघून तो पालथा बसवून टाकला होता. गावातली माणसं आठवडाभर त्याच्यावरून दर्शनाला जात होती.

पहारी आणल्या. दगड उलटा केला तेव्हा खालच्या गाई सिमेंटबरोबर निघून आल्या होत्या. म्हाताऱ्यानं सरांच्या हातातला कागद मागून घेतला आणि पुन्हा त्या गाई बघत बसला.

परतताना जीपमध्ये मी सरांशेजारी होते. "माझं चुकलं," म्हटलं.

"संशय आला त्याचं काय न्हाई," ते बाहेर बघत म्हणाले. "पण बाई, रोज शेजारी बसून डबा खातो आपण. मला इचारलं का न्हाई?"

त्यानंतर ते माझ्याशी नीट बोलत. नमस्कार, वेळापत्रक, परीक्षेचे गठ्ठे. डबा मात्र चित्रकलेच्या खोलीत खात.

यंदा ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला आलेच नाहीत. शाल-श्रीफळ तसंच राहिलं. "तुम्ही पोचवाल का?" मुख्याध्यापकांनी विचारलं. मी हो म्हणाले.

पठारावरच्या वस्तीवर त्यांचं घर. अंगणात मेंढरांचा रिकामा वाडा. त्यांच्या पत्नीनं पाणी दिलं.

"भावाच्या मेंढरांमागं गेल्यात. आता रोजच जातात. ल्हानपणी त्या पायरीत घातलेल्या दगडाला टेकून भाकरी खायचे म्हणं, दगड कसला ते कॉलेजात गेल्यावर कळलं. तुमी कोण?"

"मी शाळेत इतिहास शिकवते."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग पदरानं हात पुसले. "बसा. येतील."

मी बसले. ऊन कलंडलं. समोरच्या टेकाडावर मेंढरं दिसली, आणि त्यांच्याजवळ एक माणूस. तो अंगणाकडे बघत उभा होता. मेंढरं घराच्या ओढीनं पुढं सरकत, तो त्यांना काठीनं अडवी.

शेवटच्या एसटीची वेळ झाली होती. शाल-श्रीफळ खाटेवर ठेवून मी निघाले. रस्त्याच्या वळणावरून मागे बघितलं तेव्हा मेंढरं खाली उतरायला लागली होती.