डॉक्टरसाहेब विचारून राहिल्या, की...

एका माणसाचा प्रश्न थेट दुसऱ्या माणसाच्या अंगावर जाऊ देणं, यासारखा दुसरा असभ्यपणा आमच्या भाऊजींच्या लेखी नाही. मध्ये एक जण हवा, आणि तो म्हणजे अर्थातच भाऊजी, माझ्या थोरल्या ताईचे यजमान. कुहीच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण जीव फक्त एका धड्यावर: डायरेक्ट प्रश्नाचा इनडायरेक्ट करणे. फळ्यावरचं प्रश्नचिन्ह पुसताना त्यांच्या चेहऱ्यावर दाढदुखी थांबल्याचं समाधान दिसायचं, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. "प्रश्न तोच राह्यते, फक्त त्याचे दात पडते," असं ते वर्गाला समजावत.

निवृत्त होऊन ते शहरात, नंदनवन भागात राहायला आले, तर कुहीची मंडळी मागोमाग. कुणाच्या घरी आजारपण निघालं, की पेशंट सकाळच्या पहिल्या एसटीनं त्यांच्या दारात हजर. शहरातला डॉक्टर काय बोलेल ते आपल्याला कळेल की नाही, ही त्यांची धास्ती. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून निघणार. सदर भागातल्या ज्या डॉक्टरबाईंकडे ते सगळ्यांना नेतात, त्या चांगलं मराठी बोलतात. पण भाऊजी ऐकतील तर शपथ! बाई विचारणार, "काका, दारू पिता?" काकांना स्वच्छ ऐकू आलेलं, ते तोंड उघडणार, तोच भाऊजी हात वर करून त्यांना थांबवणार आणि अदबीनं सांगणार, "डॉक्टरसाहेब विचारून राहिल्या, की तुम्ही कधीमधी घेता काय." यातलं 'कधीमधी' त्यांच्या पदरचं. मग काका "पोळ्याले घेतो गा, सर," असं भाऊजींना सांगणार, आणि भाऊजी ते बाईंना. बाहेर रांगेतले लोक कावत, बाई मात्र हसून थांबत.

एकदा मी वैतागून म्हटलं, "भाऊजी, दोघायलेही मराठी येते ना? तुम्ही काहून मधात पडता?"

"माणूस प्रश्नाले घाबरते," ते म्हणाले. "माझ्याकडून फिरून आला, की त्याले तेवढा दम घ्याले भेटते."

मागच्या उन्हाळ्यात ताईच्या पोटात गाठ निघाली. तीच खोली, पेशंटच्या खुर्चीवर ताई, शेजारी भाऊजी, मागे मी. बाईंनी रिपोर्ट वाचले, ऑपरेशन करावं लागेल म्हणाल्या, आणि विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?" आम्ही दोघी सवयीनं भाऊजींकडे बघू लागलो. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. खिशातलं पेन काढलं, परत लावलं. ज्या माणसानं अर्ध्या तालुक्याचे प्रश्न वाहून नेले, त्याला स्वतःचा एक उचलेना.

शेवटी ताईनंच त्यांच्या हातावर हात ठेवला आणि बाईंना म्हणाली, "हे विचारून राहिले, की यांची बायको वाचते काय."

बाईंनी उत्तर भाऊजींकडे बघून दिलं, "गाठ लवकर सापडली, सर. आशा भरपूर आहे."

ताईला ते स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी ती भाऊजींच्या तोंडाकडे बघत थांबली, आणि त्यांना सांगता येईपर्यंत आपण काही ऐकलंच नाही, असं तिनं दाखवलं.