अत्यांची पट्टी आणि माझ्या चार तारा

"सून चांगली हाय. पण घरात हाय का न्हाई, ते बघायला दोनदा आत जावं लागतंय."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. अत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मागच्या दारी तूर निवडत शेजारच्या कमलाक्कांना सांगत होत्या आणि मी भिंतीच्या अलीकडे न्हाणीत कपडे धुवत होते. लग्नाला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. मी ऐकायला म्हणून पाण्याचा आवाज थांबवला, त्यामुळे त्यांचं म्हणणं आणखीच खरं ठरलं.

गप्प माणसाकडं किस्से फार साठतात. बोलणारी माणसं ते येता-जाता खर्च करतात. आमच्यासारख्यांचं पिशवीत पिशवी, त्या पिशवीत आणखी पिशवी असं होत जातं, आणि एक दिवस कपाटाचं दार लागत नाही. म्हणून हे थोडे बाहेर काढून ठेवते. सगळे कर्नाटकातल्या आळंदचे, म्हणजे माझ्या सासरचे, आमच्या बायकांच्या भजनी मंडळाचे, आणि एका बेस गिटारचे.

*

ती बेस गिटार आमच्या खोलीतल्या कपाटावर झोपलेली असायची. नवऱ्याची. त्याचं नाव शिवानंद; घरात शिवा म्हणतात, मी लिहिताना शिवानंद लिहिते आणि हाक मारायची वेळ आली की नुसती खोकते.

तो कॉलेजला कलबुर्गीत होता तेव्हा मित्रांनी बँड काढला. गिटारवाले आधीच तिघं झाले होते, म्हणून याला बेस घ्यायला लावली. बँडनं एकही कार्यक्रम केला नाही. पण ते मित्र आजही भेटले की 'आमच्या बँडच्या वेळी' अशीच सुरुवात करतात.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मोंढ्यात त्यांचं आडत दुकान आहे आणि कुठल्याही वस्तूकडं ते त्याच नजरेनं बघतात. साध्या गिटारला सहा तारा, हिला चारच. "दोन तारा दुकानदारानं मारल्या," ते पाहुण्यांना सांगतात, "आन आमचं पोरगं हसत हसत घरी आलं."

मला मात्र ती एका वेगळ्याच कारणानं आवडली. वायर न जोडता वाजवली, तर बेसचा आवाज दाराबाहेर जात नाही. नव्या सुनेला याहून सोयीचं वाद्य सांगा! दुपारी जेवणं उरकून अत्या आडव्या झाल्या की मी फोनवर धडे लावायची आणि गिटारचं डोकं कपाटाला टेकवून वाजवायची. लाकडातून आवाज थोडा मोठा होतो. माझं सगळं सुरुवातीचं वादन कपाटातल्या शालूंनी ऐकलं. त्यांची तक्रार आली नाही.

*

बेसच्या तारा जाड असतात. दाबून दाबून डाव्या हाताच्या बोटांना फोड आले. ताट वाढताना अत्यांना ते दिसले. संध्याकाळी मी पीठ मळायला बसले, तर त्यांनी परात आपल्याकडं ओढून घेतली.

भाकरी करताना तव्याचे चटके बसले, असं त्यांना वाटलं होतं.

वर त्यांनी माझ्या माहेरी, निर्ण्याला, आईला फोन करून सांगितलं, की पोरगी नाजूक आहे, भाकऱ्या मी बघते, तुम्ही काळजी करू नका. लगेच आईचा मला फोन. "कामून आमची लाज काढायलीस गं? शाळेत होतीस तवापासून भाकरी थापायलीस की!" मी इकडंही खरं सांगू शकले नाही आणि तिकडंही. फोड बरे होईपर्यंत आयत्या गरम भाकरीवर लोणी लावून खात होते आणि दुपारी नवे फोड आणत होते.

चटका बसला तर उजव्या हाताला आधी बसेल, हे त्या घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल.

*

मग शिवानंदनं एका रविवारी मित्राकडून जुना अँप आणला. गिटारची वायर त्यात खोचली की त्या खोक्यातून खरा आवाज येतो. त्यानं तो भिंतीशी ठेवला आणि म्हणाला, सगळ्यात जाड तार छेड.

भिंतीच्या पलीकडं स्वयंपाकघर आहे. त्या भिंतीला भांड्यांची मांडणी आहे. ताटं, तांबे, पेले, सगळं स्टीलचं.

आमच्या भागात भांडी आपोआप वाजायला लागली, तर माणूस कारण शोधत बसत नाही. मोठा भूकंप बघितलेली माणसं घराघरात आहेत आणि जमीन अजूनही मधूनच गुरगुरते. अत्यांनी मामांना झोपेतून ओढून उठवलं, दुधाचं पातेलं उचललं आणि गल्लीला हाका मारत रस्ता गाठला.

मी आत डोळे मिटून वाजवत होते. पहिल्यांदाच स्वतःचा आवाज ऐकत होते, थांबेन कशाला? थांबले तेव्हा घर रिकामं होतं आणि गल्ली भरलेली. शिवानंद बाहेर जाऊन हात जोडून एकेकाला सांगत होता. कमलाक्कांनी आपली पेटी, म्हणजे हार्मोनियम, छातीशी धरून वाचवली होती. त्यांचे यजमान घरातच होते.

अत्या पातेलं घेऊन तशाच खोलीच्या दारात आल्या. खोक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"पुन्हा वाजीव."

मी वाजवलं. पलीकडं ताटं थरथरली. अत्यांनी मोकळा हात पोटावर ठेवला आणि म्हणाल्या, "कानात न्हाई, हितं वाजतंय की गं." मग दूध ठेवायला जाता जाता, "सोमवारी मठात घेऊन ये."

*

दर सोमवारी मठात बायकांचं भजन असतं. शिवशरणांची वचनं कन्नड, भजनं मराठी, मधल्या चुगल्या दोन्ही भाषांत. कमलाक्का पेटीवर, आणि गाणाऱ्या मुख्य आमच्या अत्या. त्यांचा आवाज उंच. त्या वरच्या सुरावर गेल्या, की बाहेर चपला शोधणारा माणूस एक चप्पल घालून उभा राहतो.

मी गिटार घेऊन गेले, तर आधी एका आजींनी विभूती आणली आणि तिच्या काळ्या चकचकीत पाठीवर तीन पट्टे ओढले. शिवानंदनं कॉलेजात तिला कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. तो दारातून बघत होता. त्यानं तिथूनच नमस्कार केला.

पुढच्या खेपेला तिला जुन्या इरकलीची खोळ आली. नावही मिळालं, 'दोड्ड तंबूरी', म्हणजे मोठा तंबोरा. बेस गिटार हे नाव आमच्या मंडळात एकट्या मलाच माहीत आहे.

वाजवणं मात्र पहिल्या सोमवारी काही जमलं नाही. पेटीवरच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांना नंबर असतात आणि गाणारी बाई आपल्याला पेलेल ती पट्टी धरून गाते. अत्यांच्या पट्टीवर मी जिथं बोट ठेवीन, तिथं तार पत्र्यासारखी खरखरत होती. कमलाक्कांनी पेटी थांबवून विचारलं, बोट न ठेवता वाजणाऱ्या तारा कुठल्या? मी चारही मोकळ्या तारा छेडून दाखवल्या. त्यांनी पेटीवर एकेकीचा सूर शोधला, "हं" म्हणाल्या आणि चहा आला.

पुढच्या सोमवारी पांढरी पाच लागली, आणि बघते तर सा माझ्या एका मोकळ्या तारेवर, पंचम शेजारच्या मोकळ्या तारेवर! डाव्या हाताला कामच नाही. मी घरी येऊन शिवानंदला सांगितलं, मंडळाची पट्टी नेमकी माझ्या तारांवर आहे, काय नशीब बघा. तो म्हणाला, देवाच्या दारी असंच असतंय.

*

फोनमधला मास्तर सारखा चार मोजायला सांगतो. भजनात चार मोजून काय करणार? एकच ओळ कधी दोनदा होते, कधी सगळ्याजणी डोळे मिटून तिलाच धरून बसतात. मी अत्यांना विचारलं, ही ओळ किती वेळा म्हणायची?

"मन भरंपर्यंत."

तुमचं मन भरलं ते मला कसं कळणार?

त्यांनी थोडा विचार केला. "माझ्या मानेकडं बघत ऱ्हा."

आणि खरंच, ओळ सोडायच्या आधी त्यांची मान डावीकडं किंचित कलते. त्यांनाही ते कधी माहीत नसावं, इतकी थोडी. मी मागं बसते आणि मानेवर वाजवते. एकदा त्यांच्या मानेवर माशी बसली, मान कलली आणि मी अख्खं भजन एक ओळ आधी उरकलं. बाकीच्या सगळ्याजणी माझ्या मागं आल्या. अत्या एकट्याच मागच्या ओळीवर राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माशी कळंना व्हय तुला, माझं मन कळतंय तर?"

*

मग निर्ण्याच्या जत्रेत मंडळाला बोलावणं आलं. माझं माहेर! आई पुढं बसली होती, नव्या साडीत, आणि भजनापेक्षा जास्त माझ्याकडं कोण कोण बघतंय ते बघत होती. सगळं नीट झालं. आमच्या शाळेतल्या बाई येऊन म्हणाल्या, की ही पोरगी वर्गात हजेरीलाही 'हजर' म्हणत नव्हती.

जेवणाच्या पंगतीत आमच्या मागच्या रांगेतून एका गृहस्थांचा आवाज आला. हळू बोलायचा प्रयत्न होता, पण वाढप्यांच्या गोंधळात तो जमला नाही. "नाव लई ऐकलं होतं बाईंचं. पण आवाज बसला आता. वर जाईना."

अत्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. "वय झालं की, दुसरं काय," त्या पानाकडं बघत म्हणाल्या आणि माझ्या ताटात आपली पोळी टाकली. "खा. माहेरचं हाय."

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. वय झालं असेल.

*

त्यानंतर काही दिवसांनी शिवानंदच्या फोनमध्ये मला अत्यांचं एक जुनं रेकॉर्डिंग सापडलं, आमच्या लग्नाच्या आधीचं, मठातलंच. तेच भजन. म्हटलं, याच्याबरोबर सराव करू.

जुळेना. माझ्या मोकळ्या तारा एकीकडं आणि अत्या दुसरीकडं. मला वाटलं गिटार उतरली. फोनवर सूर तपासला, तर तारा बरोबर. मग त्याच तारेवर बोट एकेक घर, म्हणजे दांडीवरच्या दोन धातूच्या पट्ट्यांमधली जागा, पुढं सरकवत गेले. पहिलं घर, नाही. दुसरं, नाही. तिसऱ्या घरावर अत्या आणि मी एकत्र आलो.

तीन पट्ट्या वर. पांढरी पाच नव्हे, काळी पाच. आणि त्या उंचीवरून त्या अशा वर जात होत्या, की माझं तारेवरचं बोट सुटलं.

मी तशीच कमलाक्कांकडं गेले. त्या लसूण सोलत होत्या. आधी त्यांनी पेटी जुनी झाली, हवा धरत नाही वगैरे सांगून बघितलं. मी काही बोलले नाही. गप्प बसण्याचा एवढा उपयोग असतो; समोरचा बोलायला लागतो.

"काळी पाचच हाय तिची. तरनी होती तवापासून. तुझ्या मोकळ्या तारा खाली हायत म्हणून खाली आली. मला म्हणली, तिला सांगू नगं, बोट बसलं की जाऊ वर."

निर्ण्याला? मी विचारलं.

कमलाक्कांनी लसणाचं ताट बाजूला सारलं. "निर्ण्याला मीच म्हणले, आज तरी तुझ्या पट्टीत गा, एवढं लोक आलंय. तर म्हणली कशी, तिच्या आईम्होरं तिची तार खरखरावी व्हय?"

*

आमच्याकडं सासूला थँक्यू म्हणायची पद्धत नाही. म्हटलं असतं तर अत्यांना वाटलं असतं, ही कुठं निघाली.

मग मी तिसरं घर धरून बसले. दुपारी, कपाटाला टेकून, वायर न जोडता. बोट घराच्या मधोमध ठेवलं की तार खरखरते. पुढच्या धातूच्या पट्टीच्या अगदी जवळ दाबावं लागतं, आणि भजन संपेपर्यंत दाबून ठेवावं लागतं. पुन्हा फोड आले. अत्यांनी बघितले आणि परात ओढली.

कलबुर्गीचा कार्यक्रम आला. मोठा हॉल, खुर्च्या, जागोजागी माइक. मामा आणि शिवानंद दोघांनी मिळून अँप आत आणला. मामा सगळ्यांना सांगत होते की याला हात लावू नका, भूकंप होतो. मी मागं माझ्या जागेवर बसले, खोळ काढली, विभूतीच्या पट्ट्यांवर हात फिरवला आणि बोट तिसऱ्या घरावर ठेवलं.

पुढं अत्यांनी पदर सारखा केला. दुसऱ्या रांगेत कुणीतरी कुणाला तरी कोपर मारून त्यांच्याकडं बोट दाखवलं. कमलाक्कांनी पेटीचा भाता सोडला आणि पांढरी पाच दाबली. अत्यांनी त्या सुरात बसायला घसा खाली ओढला. त्यांची मान मला दिसत होती.

मंडळात येऊन इतके सोमवार झाले, पण गाणं सुरू होताना मी कधी तोंड उघडलं नव्हतं. माझ्या शेजारच्या बाईच्या टाळापुढचा माइक चालू आहे, हेही मला माहीत नव्हतं. सगळ्या हॉलनं ऐकलं.

"कमलाक्का, पांढरी नको. काळी पाच द्या. अत्या, तुम्ही व्हा पुढं, मी येते मागनं."