नातीच्या पोटातलं जंतू

बायांनो, बोलतीय मी आन् लिवतीय सून. चुका तिच्या, अक्कल माझी.

आज नातीला घिऊन पलूसला डॉक्टरकडं गेलतो. अकरा वर्साची पोर, आन् लिव्हरवर चरबी धरलीया. डॉक्टर म्हणाले, "आजी, रोज वडे, फरसाण, खारी खाल्ली की पोटातले जंतू कमी होतात."

मी म्हटलं, "मग बरंच झालं की! आमी त्यासाठीच गोळ्या देतो."

सून तोंड दाबून हसली. डॉक्टर हसले न्हाईत. "जंत नव्हे आजी, जंतू. हे चांगले असतात, चरबी आवरायला मदत करतात. तेलकट वाढलं, भाजी-भाकरी सुटली, की ते घटतात. आत्ताच आवरा, नाहीतर पुढं साखर होईल."

साखर! तिच्यापायीच हिच्या आज्ज्याचा पाय कापावा लागला.

एसटीत पोरीनं हळूच इचारलं, "आजे, माझं जंतू मेलं असतील व्हय?"

कुणालाबी टोमणा हाणणारी मी, पर तवा नुसती तिचं पोट चोळत बसले.

तुमच्यात कुणाचं लेकरू ह्यातनं बरं झालंय का? लिवा. पर जरा धीराचं लिवा, सून वाचून दाखवती तवा पोरगी शेजारीच बसलेली असती.